हाताला कळलं पाहिजे

घरातल्या यंत्रांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दादा, मी पारोळ्याची. वय ६७. अकरा माणसांचं घर मी आधी चुलीवर, मग वातीच्या स्टोव्हवर, मग गॅसवर चालवलं. कधी कोणाला विचारायची वेळ आली नाही. दोन वर्षांपूर्वी मुलाने घर नवं केलं आणि पुण्याहून सगळं पाठवलं : समोरून दार उघडणारं कपड्यांचं मशीन, इंडक्शनची शेगडी, भिंतीवरचा टीव्ही आणि त्याचे दोन रिमोट. बसवायला आलेल्या पोराने भराभर काहीतरी सांगितलं आणि निघून गेला. यंदा कानबाईच्या रोटांच्या सणाला सगळे भाऊबंद जमले होते. गॅसच्या दोन्ही शेगड्या अडकलेल्या, म्हणून मी दुधाचं पितळी पातेलं इंडक्शनवर ठेवलं. ते नुसतं टूं टूं करत राहिलं आणि बंद पडलं. चार जणींसमोर पुतणसून म्हणाली, ‘राहू द्या मोठ्या आई, तुम्हाला नाही जमायचं.’ तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण तेव्हापासून मी त्या शेगडीला हात लावलेला नाही. मशीनचंही तेच. एकदा लाइट गेली, माझ्या दोन साड्या आत, दार उघडेना. मला वाटलं, मोडलं माझ्या हातून. आता शेजारची मुलगी येऊन लावून देते. मुलाचा फोन आला की ‘माले काही समजत नही रे भाऊ’ असं मीच आधी म्हणून टाकते. हे वयाने होतं का? माझं डोकं कमी पडायला लागलं का?

उत्तर : ताई, आधी पातेल्याचं सांगतो, कारण त्या दिवशी चूक पातेल्याची होती. इंडक्शनच्या काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा उलटसुलट होणारा प्रवाह जातो आणि त्यामुळे वर ठेवलेल्या भांड्याच्या बुडातच वीज फिरायला लागते. तापतं ते भांड्याचं बूड. काच गरम होते ती भांड्यामुळे. पण हे घडायला बूड लोखंडाच्या जातीचं लागतं, म्हणजे लोहचुंबक चिकटेल असं. पितळ, तांबं, जर्मन, हिंडालियम, माती, यातलं काही ठेवलं तर शेगडीला वाटतं वर भांडंच नाही. ती टूं टूं करते आणि आपणहून बंद होते. तिचं काही बिघडत नाही, भांड्याचं काही बिघडत नाही, दूध तसंच राहतं. तुमच्या पुतणसुनेलाही हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर ती ‘पातेलं बदला’ म्हणाली असती.

एक काम करा. फ्रिजला चिकटवलेला एखादा चुंबक घ्या आणि फडताळातल्या एकेका भांड्याच्या बुडाला लावून बघा. स्टीलमध्येसुद्धा काही भांड्यांना चिकटेल, काहींना नाही चिकटणार. जे चिकटेल आणि ज्याचं बूड सपाट असेल ते एका बाजूला काढा. तुमचा लोखंडी तवा त्यात नक्की येईल, बूड खोलगट नसेल तर. मांड्यांचं खापर यायचं नाही, ते चुलीवरच शोभतं. स्वयंपाक झाला की शेगडीवरचं बटण बंद करा, पण भिंतीवरचं लगेच करू नका. आतला पंखा मिनिट-दोन मिनिटं फिरून थांबू द्या. घरात कोणाला पेसमेकर बसवलेला असेल तर त्या माणसाने शेगडीपासून दोन फूट लांब राहावं आणि डॉक्टरांना विचारून घ्यावं. या शेगडीचं एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

आता मशीन. समोरून दार असलेल्या मशीनमध्ये पाणी दाराच्या काचेपर्यंत चढतं. चालू असताना दार उघडलं तर घरभर पाणी होईल, म्हणून त्याला कुलूप ठेवलेलं असतं. लाइट गेली की ते कुलूप लगेच सुटत नाही. थोडा वेळ जावा लागतो आणि आत पाणी जास्त असेल तर ते काढल्याशिवाय सुटतच नाही. त्यासाठी बहुतेक मशीनना खाली उजव्या कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं, त्यामागे जाळी असते. तिथून हळूहळू पाणी सोडता येतं, मात्र खाली परात ठेवूनच, आणि पाणी गरम नसेल तेव्हाच. घाई नसेल तर नुसती लाइट यायची वाट बघा. बरीच मशीनं थांबली तिथून पुढे चालू होतात. साड्यांना काही होत नाही. पावडर मात्र समोरच्या दाराच्या मशीनचीच वापरा. हातधुण्याची साधी पावडर घातली तर फेसाने मशीन अडकतं. आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं, त्याने जाळी तुंबते. पाणी भरायला नेहमीपेक्षा वेळ लागायला लागला की नळाजवळच्या पाइपची जाळी काढून धुवायला सांगा.

आता तुमचा खरा प्रश्न.

मी भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये ३४ वर्षं काढली. आमच्या जुन्या इंजिनांना ३२ नॉचचा, म्हणजे ३२ पायऱ्यांचा, टॅप चेंजर असायचा. मोटारींना जाणारी वीज तो पायरीपायरीने वाढवायचा. ड्रायव्हरने नॉच वाढवला की तो चढताना ऐकू यायचा आणि समोरच्या तबकडीवर काटा सरकायचा. बिघाड झाला की कोणता रिले, म्हणजे वीज तोडणारा आपोआप चालणारा खटका, पडला ते त्याच्या खिडकीतल्या लाल खुणेवरून दिसायचं. म्हणजे इंजिन आत्ता कोणत्या अवस्थेत आहे हे डोळ्याला, कानाला, हाताला कळत होतं. तुमच्या गॅसचंही तसंच. चकती आडवी की उभी, ज्योत मोठी की बारीक, स्वयंपाकघराच्या दारातूनसुद्धा समजतं. जुन्या टीव्हीचा खटका जिथे फिरवला तिथेच राहायचा.

१९९५-९६च्या सुमाराला देशात थ्री-फेज इंजिनं आली. त्यांच्या पोटात कॉम्प्युटर. बिघाड झाला की पडद्यावर अक्षरं उमटतात, बाहेरून काही दिसत नाही. त्यांच्या प्रशिक्षणाला मला पाठवलं तेव्हा मी ५२ वर्षांचा होतो. पहिले काही दिवस जेवण गोड लागलं नाही. वीस-पंचवीस वर्षं ज्या हातांवर माझा भरवसा होता ते हात रिकामे झाल्यासारखे वाटत. पण रेल्वेने मला वह्या दिल्या, नकाशे दिले, शिकवणारा दिला. रोज तेच तेच करून घेतलं. चुकलो तर पुन्हा करायला लावलं. परत आल्यावर महिनाभर एक जाणता माणूस बाजूला उभा ठेवला. मगच ते काम माझ्या एकट्याच्या हाती दिलं.

तुम्हाला काय दिलं, ताई? तीन यंत्रं एकाच आठवड्यात आली. एका पोराने भराभर बोलून दाखवलं. मशीनवर सगळं इंग्रजीत, एकाच बटणाला तीन कामं, आणि यंत्र आत्ता काय करतंय हे काळ्या काचेवरच्या राखाडी अक्षरांत लिहिलेलं. ते तुम्हाला आलं नाही म्हणून तुमच्या डोक्यात काही कमी आहे, हे मी मान्य करणार नाही.

वयाचा भाग अजिबात नाही असंही म्हणणार नाही, कारण तुम्ही सरळ विचारलंय. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं. राखाडी अक्षरं काळ्यावर दिसत नाहीत ती त्यामुळे. ऐकण्यात आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज, आणि ही सगळी यंत्रं नेमकी उंच पट्टीतच टूं टूं करतात. नवीन गोष्ट मुरायला वेळही जास्त लागतो. नातवाला दोनदा करून येतं, तिथे आपल्याला दहा-बारा वेळा करावं लागतं. दहा-बारा वेळा केलं की येतं, हे मी स्वतःवरून सांगतो. काळजी कधी करायची? जे आयुष्यभर येत होतं तेच विसरायला लागलं तर. भाकरीचं पीठ मळताना पुढे काय करायचं ते सुचेना, नेहमीच्या बाजारातून घरी यायचा रस्ता चुकला, असं झालं तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. नवं मशीन न येणं ही वेगळी गोष्ट आहे.

एक घरातली गोष्ट सांगतो. आमच्याकडे नवा टीव्ही आला तेव्हा शिकलो मीच. संध्याकाळी बायको रिमोट हातात घेऊन बघत बसली की मी म्हणायचो, ‘आण इकडे,’ आणि लावून द्यायचो. मला वाटायचं मी मदत करतोय. दोन वर्षं असं चाललं. मग माझं ऑपरेशन झालं, नऊ दिवस दवाखान्यात होतो. घरी आलो तेव्हा कळलं, त्या नऊ दिवसांत तिने टीव्ही लावलाच नव्हता. रोज संध्याकाळी डबा पाठवून झाला की बंद टीव्हीसमोर बसून राहायची. तिला विचारलं तर म्हणाली, ‘तुम्ही कधी माझ्या हातात दिला होता का?’ ती जाऊन आता चार वर्षं झाली. शेवटची दोन-अडीच वर्षं मात्र रिमोट तिच्या हातात होता. शिकवायला मला एक आठवडा लागला, तोही मी मध्ये मध्ये हात घालत होतो म्हणून.

म्हणून तुमच्या मुलाला हे पान वाचायला पाठवा. दिवाळीला तो येईल तेव्हा दोन दुपारी तुमच्यासाठी राखून ठेवायला सांगा. त्याने हात मागे बांधून उभं राहायचं. बटण तुम्ही दाबायचं, चुकलं तरी तुम्हीच दुरुस्त करायचं. एका दुपारी एकच यंत्र. मशीनवर पंधरा प्रकारची धुणी असतील, तुम्हाला दोनच लागतात : रोजचे सुती कपडे आणि नाजूक साड्या. बाकीच्या तेराकडे बघायचंही नाही. त्या दोन जागांपाशी आणि सुरू करायच्या बटणापाशी कपाळाला लावायची टिकली चिकटवा, लाल, ठळक. रिमोटवर पण तीन टिकल्या पुरतात : चालू-बंद, आवाज, आणि घराचं चित्र असलेलं बटण. टीव्हीवर कुठेही भरकटलं तरी ते घर दाबलं की सुरुवातीला परत येता. हे बटण सापडलं की अर्धी भीती जाते.

आणि एक वही करा. त्यात तुमच्या शब्दांत लिहा, मुलाच्या नाही. ‘प्रोग्राम सिलेक्ट’ लिहू नका, ‘चकती टिकलीवर आण’ असं लिहा. अहिराणीत लिहिलं तर आणखी चांगलं. वही मशीनशेजारी खिळ्याला दोऱ्याने टांगून ठेवा.

शेजारच्या मुलीला येऊ द्या, पण आठ दिवस तिने नुसतं बघायला यायचं.

प्रश्न : मी धुळ्याचा निवृत्त शिक्षक, वय ७३. फोनच्या पडद्यावर बोट दोन-तीनदा दाबल्याशिवाय काही होत नाही. जोर लावला की भलतंच उघडतं. गेल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बोटांचे ठसेही उमटले नाहीत, तीन वेळा परत यावं लागलं. नातू म्हणतो, फोन जुना झाला, बदला. बदलू का?

उत्तर : सर, बदलू नका. हा पडदा दाब ओळखत नाही. आपल्या अंगात थोडी वीज वाहून न्यायचा गुण असतो, बोट टेकलं की पडद्यावरचा विद्युतभार जरासा बदलतो आणि तो बदल फोनला कळतो. वय झालं की बोटाची कातडी कोरडी आणि जाड होते, तेवढा बदल घडवू शकत नाही. मेच्या आपल्या उन्हात तर बघायलाच नको. जोर लावला की बोट रेंगाळतं, आणि रेंगाळलेलं बोट म्हणजे वेगळा हुकूम, असं फोन समजतो. म्हणून भलतंच उघडतं.

बोट किंचित ओलसर करा, नखाकडचं टोक न लावता मांसल भाग टेकवा, आणि लगेच उचला. पडद्यावर जाड काच लावली असेल तर ती काढून पातळ लावून घ्या. सेटिंगमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ नावाचा भाग असतो. तिथे बोट टेकून ठेवण्याची वेळ वाढवता येते, म्हणजे जरा रेंगाळलं तरी फोन घाई करत नाही. अक्षरंही मोठी करून घ्या. मी सर्वांत मोठी ठेवली आहेत आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

ठशांचं कारणही तेच. खडूने आणि वयाने रेघा झिजतात. त्यासाठी आता बोट लागतच नाही. डिजिटल हयातीचा दाखला २०१४च्या नोव्हेंबरात सुरू झाला आणि २०२१पासून त्यात चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आली. नातवाला ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन ॲप फोनवर घ्यायला सांगा. खिडकीसमोर बसा, उजेड तोंडावर यायला हवा, पाठीमागून नको. ॲप सांगेल तेव्हा डोळ्यांची उघडझाप करा. फोनवर नकोच असेल तर पोस्टमनला सांगून ठेवा, ते घरी येऊनही दाखला करून देतात. काम झालं की प्रमाणपत्राचा क्रमांक येतो, तो वहीत उतरवून ठेवा. पेन्शन देणाऱ्या तुमच्या कार्यालयात हा दाखला चालतो ना, एवढं मात्र ऑक्टोबरातच विचारून घ्या. नातवाने ॲप घेऊन दिलं की पुढचं तुम्ही स्वतः करा, तो शेजारी बसेल.

प्रश्न : काका, मी सावद्याची. सासरे ७८ वर्षांचे. केळीची बाग, ठिबक, सगळं अजून तेच बघतात. शेतीची लाइट रात्रपाळीची असली तर मोटारीचा मोबाईल स्टार्टर साध्या बटणाच्या फोनवरून घरबसल्या चालवतात. पण आम्ही दिलेला मोठा फोन सहा महिने कपाटात पडून आहे. शिकवायला गेलो की हे वैतागतात, मीही वैतागते, आणि आप्पा काही न बोलता उठून ओट्यावर जाऊन बसतात. मला फार वाईट वाटतं. शिकवू तरी कसं?

उत्तर : सूनबाई, तुला वाईट वाटतं हे वाचून मला बरं वाटलं. असं वाटणारं माणूस शिकवू शकतं.

तुमच्या आप्पांना तंत्र जमत नाही असं तुम्ही धरून चालला आहात. जो माणूस रात्री दोन वाजता अंथरुणातून दोन किलोमीटरवरची मोटार चालू करतो त्याला तंत्र जमतं. तो स्टार्टर त्यांना का जमला ते बघ. त्यांना पाणी द्यायचं होतं, ही गरज त्यांची. एका आकड्याने चालू, दुसऱ्याने बंद. आणि मोटार चालू झाली की तसा निरोप परत येतो, म्हणजे अवस्था कळते. मोठ्या फोनमध्ये यातलं काय आहे? तुम्ही त्यांना काय शिकवायला घेतलं ते तू लिहिलं नाहीस. पण बहुतेक घरांत नातवाचे फोटो कसे बघायचे इथून सुरुवात होते. ती तुमची हौस.

त्यांना रोज काय जाणून घ्यायचं असतं? बऱ्हाणपूरचा केळीचा भाव. तो आज कोणाला विचारतात? कोणाच्या तरी फोनवर आलेला कोणीतरी वाचून दाखवतो. तो निरोप त्यांच्या फोनवर येऊ दे. पडद्यावरची बाकी सगळी चित्रं काढून टाक, तीनच ठेव : फोन करायचं, निरोपांचं आणि हवामानाचं. टाइप करायला लावू नको. निरोप लिहायच्या जागी माइकचं चित्र असतं, त्यावर बोट धरून बोलायचं आणि सोडायचं, आवाज तसाच पोहोचतो. आपल्या गणबोलीत बोलले तरी चालतं, कारण ऐकणारा माणूस असतो.

पैशाचं मात्र आत्ताच नको. ते सर्वांत शेवटी, आणि तेही वेगळ्या खात्यातून. केळीचे पैसे ज्या खात्यात येतात ते खातं फोनला जोडूच नका. दुसऱ्या खात्यात दोन-तीन हजार ठेवा आणि तेच जोडा. मग चूक झाली तरी घर हादरत नाही, आणि घर हादरत नाही हे माहीत असलं की बोटही थरथरत नाही. त्यांच्याकडून एक वाक्य पाठ करून घ्या : पैसे यायचे असतील तर पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत, समोरचा काहीही सांगो. पोलिसांच्या वेशात व्हिडिओवर येऊन कोणी ‘घरातच थांबा, तुम्हाला अटक केली आहे’ म्हणालं तर फोन ठेवून द्यायचा. फोनवरून अटक होत नाही. आणि कधी फसगत झालीच तर आधी १९३० या क्रमांकावर कळवायचं. जेवढं लवकर कळवाल तेवढी पैसे अडवता येण्याची आशा जास्त. हा आकडा मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहून ठेवा. फसवणूक झालेले म्हातारे बहुधा घरच्यांच्या बोलण्याला भिऊन दोन-दोन दिवस लपवतात. आप्पांना आधीच सांगून ठेव की कोणी रागावणार नाही. आणि मग खरंच रागावू नका.

तुझ्या यजमानांना शिकवू देऊ नको. मुलाकडून शिकणं बापाला जड जातं आणि मुलगा घाईत असतो. तू शिकव. खुर्चीवर बसवून, समोर उभं राहून नको. ते ओट्यावर जातात ना, तिथेच जा. संध्याकाळी, बागेतून आल्यावर, चहा घेऊन. त्यांच्या शेजारी बस, फोन त्यांच्या हातात दे आणि विचार, ‘आप्पा, आज बऱ्हाणपूरला काय भाव निघाला?’ मग थांब. लागतील तेवढी मिनिटं लागू देत.